दुसरी रात्र गाळली तेव्हा : ऐन वेळी निम्म्यावर आलेल्या एका कथाकथनाचा प्रकरण अभ्यास

कथाकथनाचा व्यवसाय करणाऱ्यांच्या अडचणींत वारंवार येणारी आणि तरीही फारशी चर्चा न होणारी अडचण म्हणजे वेळेची कपात. गोष्टीचा धागा विसरणे, आवाज बसणे, माइक बंद पडणे यांवर तालमींत बोलले जाते आणि त्यांचे उपायही ठरलेले असतात. मात्र रंगमंचावर जाण्याच्या क्षणी विंगेतून येणाऱ्या "जरा लवकर आटपा" या वाक्याची तालीम कोणी करत नाही. येथे मांडलेले प्रकरण अशाच एका प्रयोगाचे आहे. त्या दिवशी मी प्रेक्षागृहात शेवटून दुसऱ्या रांगेत टिपणवही घेऊन बसलो होतो. नंतर प्रयोगाचे ध्वनिमुद्रण तीन वेळा ऐकले आणि कथाकथनकार बाईंबरोबर दोन दीर्घ बैठका केल्या. त्यांच्या संमतीनेच हे लिहीत असून ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

बाईंना या कामाचा बारा वर्षांचा अनुभव आहे. त्या एकट्याने, नेपथ्य आणि वाद्यसाथ न घेता गोष्ट सांगतात आणि संहिता शब्दशः पाठ करत नाहीत. गोष्टीतील प्रसंगांचा क्रम, काही ठरावीक वाक्ये आणि शेवट एवढेच पक्के असते. बाकीचे शब्द त्या त्या दिवशीच्या श्रोत्यांसमोर सुचत जातात. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पाठ केलेली संहिता ऐन वेळी कापणे अवघड आणि मोकळेपणाने सांगितलेली गोष्ट कापणे सोपे, असा एक समज आहे. या प्रकरणात तो खरा ठरला नाही.

गोष्ट आणि तिची बांधणी

त्या दिवशीची गोष्ट त्यांनी स्वतः रचलेली आहे आणि तिचा आराखडा माहीत असल्याशिवाय पुढचे विवेचन समजणार नाही. एका नावाड्याला त्याची आई मरताना बजावते की, रात्रीच्या उतारूला कधी नाव विचारू नकोस. पहिल्या रात्री एक स्त्री नावेत बसायला येते. ती अजून पाण्यात उतरलेली नसते, तरी तिच्या पावलांचे ओले ठसे घाटाच्या दगडांवर उमटलेले असतात. नावाडी काही विचारत नाही. दुसऱ्या रात्री एक म्हातारा पेटता कंदील घेऊन येतो. नदीच्या मध्यावर नावाडी तो कंदील उचलून म्हाताऱ्याच्या चेहऱ्याजवळ नेऊ लागतो, प्रश्न अगदी ओठांवर येतो, पण तो हात खाली घेतो. म्हातारा उतरताना कंदील नावेतच ठेवतो आणि म्हणतो, "परत येईन तेव्हा नेईन." तिसऱ्या रात्री एक मुलगा येतो. या वेळी नावाडी कंदील उचलतो, मुलाचा चेहरा पाहतो आणि नाव विचारतो. मुलगा जे नाव सांगतो, ते नावाड्याचेच असते. नाव पैलतीराला लागते, तेव्हा तिच्यात एकच माणूस असतो.

पूर्ण प्रयोग 48 मिनिटांचा आहे. त्यात श्रोत्यांशी गप्पा मारल्यासारखी प्रस्तावना 5 मिनिटे, पहिली रात्र 12, दुसरी 13, तिसरी 12 आणि शेवट 6 मिनिटे, अशी विभागणी मी आधीच्या दोन ध्वनिमुद्रणांवरून काढली. सर्वांत लांब भाग दुसऱ्या रात्रीचा आहे, हे ही विभागणी कागदावर येईपर्यंत बाईंनाही ठाऊक नव्हते.

त्या दिवशी काय घडले

कार्यक्रमात बाईंच्या आधी दोन सादरीकरणे आणि काही भाषणे होती आणि ती सर्व लांबली. पन्नास मिनिटे ठरलेली होती, प्रत्यक्षात रंगमंचावर जाण्याच्या साधारण दोन मिनिटे आधी आयोजकांपैकी एकाने विंगेत येऊन सांगितले, "पंचवीस मिनिटांत होईल ना? सभागृह रिकामं करून द्यायचं आहे." बाई "हो" म्हणाल्या. हा होकार शिष्टाचाराचा होता, त्यामागे हिशोब नव्हता. त्या वेळी डोक्यात काय होते, असे मी नंतर विचारले, तेव्हा त्यांचे उत्तर प्रामाणिक होते : "वाटलं, जरा भरभर सांगेन."

प्रस्तावना त्यांनी जवळजवळ पूर्ण घेतली. चार मिनिटे गेली, दोन हमखास हशाच्या जागा आल्या, दोन्ही वसूल झाल्या आणि अडीचशे माणसांचे सभागृह त्यांच्या हातात आले. श्रोते मिळाल्याच्या या आनंदात निम्म्या वेळेची जाणीव मागे पडली असावी, असा माझा तर्क आहे. पहिली रात्र सुरू झाली आणि तिथे घाई कानावर येऊ लागली. शब्द जवळजवळ नेहमीइतकेच होते. कमी झाल्या त्या शब्दांमधल्या रिकाम्या जागा. "दगडांवर ओली पावलं होती, आणि ती अजून पाण्यात उतरलीच नव्हती" या वाक्यानंतर आधीच्या ध्वनिमुद्रणांत साडेतीन सेकंदांची शांतता आहे. या दिवशी ती दीड सेकंदाची होती. साडेतीन सेकंदांत श्रोत्याला दगड दिसतो, पाऊल दिसते, मग त्यातली विसंगती लक्षात येते आणि अंगावर काटा येतो. दीड सेकंदात वाक्य समजते आणि त्याच्या पुढे काही घडायच्या आत दुसरे वाक्य येऊन पडते. पहिली रात्र 12 ऐवजी साडेदहा मिनिटांत झाली. एवढी धावाधाव करून दीड मिनिट वाचले.

साडेचौदाव्या मिनिटाला विंगेतून दोन्ही हातांची दहा बोटे दिसली. दहा मिनिटे राहिली होती आणि गोष्टीचा दोन तृतीयांश भाग बाकी होता. इथे बाईंनी निर्णय घेतला आणि तो एका वाक्याएवढा होता : "दुसरी रात्रही अशीच गेली, एक म्हातारा आला, पैलतीरी उतरला, आणि नावाड्याने काही विचारलं नाही." तिथून त्या थेट तिसऱ्या रात्रीत शिरल्या.

सहा मिनिटांनी तिसऱ्या रात्रीचा तो क्षण आला. नावाड्याने कंदील उचलला. बाईंचा उजवा हात सवयीने वर गेला, बोटे कंदिलाच्या कडीभोवती असावीत तशी वळली, आणि दुसऱ्या रांगेतून सात-आठ वर्षांच्या एका मुलाने स्वच्छ आवाजात विचारले, "पण कंदील कुठून आला?"

थोडा हशा झाला. मुलाच्या शेजारच्या बाईंनी त्याला गप्प केले. रंगमंचावरचा हात तसाच वर राहिला. प्रेक्षागृहातले दिवे मालवलेले असल्याने बाईंना तिसऱ्या रांगेपलीकडचे चेहरे दिसत नव्हते. मला माझ्या आजूबाजूचे दिसत होते, आणि मुलाच्या प्रश्नाआधीच दोन-तीन भुवया उंचावल्याचे मी टिपून ठेवले होते. मोठी माणसे अशा वेळी आपलेच काही ऐकायचे राहिले असेल, असे समजून गप्प बसतात. लहान मुलाला तशी लाज नसते.

बाई चार सेकंद थांबल्या. त्या दिवसाच्या संपूर्ण प्रयोगातली ही सर्वांत लांब शांतता. मग हात खाली न घेता त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "कंदील काल रात्रीचा. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण नावाड्यालाही ते आठवायचं नव्हतं." आणि दुसऱ्या रात्रीचा सारांश नावाड्याची आठवण म्हणून त्यांनी एक मिनिट चाळीस सेकंदांत सांगितला. मग मुलाचा चेहरा, नाव, पैलतीर आणि शेवट. त्यांना तीन मिनिटे लागली. सर्व मिळून जेमतेम 26 मिनिटे झाली. टाळ्या चांगल्या पडल्या. आयोजकांनी आभार मानले, ते मनापासून होते.

हे प्रकरण नोंदवण्याजोगे का

रूढ अर्थाने प्रयोग पडला नव्हता. बाहेर पडणाऱ्या श्रोत्यांपैकी अनेकांना मुलाचा प्रश्न आणि त्यावरचे उत्तर हे ठरवूनच केले होते, असे वाटले. एकाने तर माझ्यासमोर त्या "युक्ती"चे कौतुक केले. तरीही बाई कपडे बदलण्याच्या खोलीत एकट्या बसल्या होत्या आणि त्यांचे पहिले वाक्य होते, "शेवटाला टाळ्या लगेच आल्या." यातली तक्रार या व्यवसायाबाहेरच्या माणसाला कळणार नाही. या गोष्टीचे शेवटचे वाक्य संपल्यानंतर एरवी पाच-सहा सेकंद सभागृहात कोणी हलत नाही आणि मग टाळ्या सुरू होतात. ती पाच-सहा सेकंदे हीच त्या गोष्टीची मिळकत आहे. त्या दिवशी शेवटचा शब्द आणि पहिली टाळी यांच्यात एक सेकंदही नव्हते.

कंदिलाचा उगम तर सांगून झाला होता, मग काय हरवले होते? माझे उत्तर असे की, दुसरी रात्र गोष्टीत दोन कामे करते आणि दुरुस्तीत त्यांपैकी एकच काम भरून निघाले. पहिले काम माहितीचे : कंदील म्हाताऱ्याचा आहे, तो नावेत राहिला आहे. ही माहिती उशिरा दिली तरी चालते, आठवणीच्या रूपाने तर ती शोभूनही दिसते. दुसरे काम मोहाचे : नावाडी विचारू पाहतो आणि विचारत नाही. तो वर गेलेला आणि खाली आलेला हात श्रोत्याने तेरा मिनिटांच्या ओघात स्वतः सोसलेला असावा लागतो. तरच तिसऱ्या रात्री हात पुन्हा वर जाताना श्रोत्याच्या मनात "नको" आणि "विचार" हे दोन्ही एकाच वेळी उमटतात. मोह झाला होता असे नंतर सांगता येते, पण श्रोत्याला तो मागाहून अनुभवायला लावता येत नाही.

बाईंचा हात दुसऱ्या रात्रीवरच का पडला, यालाही कारण आहे. डॅनिश लोकसाहित्य-अभ्यासक अक्सेल ओल्रिक यांनी 1909 मध्ये लोककथांच्या रचनेचे जे नियम मांडले, त्यांत तीनच्या पुनरावृत्तीचा नियम आहे आणि मालिकेतील शेवटच्या घटकावर भावनिक भार असतो, असाही नियम आहे. तीन भाऊ, तीन कसोट्या, तीन रात्री. खरे वजन तिसऱ्यावर. कथाकथन करणाऱ्यांच्या अंगात हे नियम न वाचताही मुरलेले असतात, आणि त्यातूनच मधला घटक म्हणजे भरती, असा चुकीचा निष्कर्ष आपोआप निघतो. पहिल्याने सुरुवात होते, तिसऱ्याने शेवट होतो, मग वेळ कमी असेल तर मधला द्यावा. मात्र घटना एकदा घडली तर ती नुसती घटना असते. ती दुसऱ्यांदा घडते तेव्हा श्रोत्याला क्रम कळतो आणि तिसऱ्यांदा तो क्रम मोडल्याचे जाणवते. मधला घटक काढला की मोडायला काही उरतच नाही.

गोष्ट लांबवता-आखडता येते, हे काही नवे नाही. मौखिक काव्याचे अमेरिकन अभ्यासक मिल्मन पॅरी आणि त्यांचे सहकारी अल्बर्ट लॉर्ड यांनी 1930 च्या दशकात युगोस्लाव्हियातील मौखिक वीरगाथा गाणाऱ्यांची ध्वनिमुद्रणे केली. त्यांत अव्दो मेजेदोविच या गायकाची एक नोंद या प्रकरणाशी थेट जोडलेली आहे. मूमिन व्लाहोव्ल्याक या गायकाने गायलेली, अव्दोने पूर्वी न ऐकलेली 2,294 ओळींची एक गाथा पॅरींनी त्याला ऐकवली आणि लगेच ती गायला सांगितली. अव्दोने तीच गाथा 6,313 ओळींत गायली. घटनाक्रम टिकला; वाढली ती वर्णने, पात्रांच्या मनाच्या अवस्था आणि दृश्यांचा भरगच्चपणा. श्रोत्यांचा प्रतिसाद आणि हाताशी असलेला वेळ यांनुसार गायक गाथेची लांबी ठरवतो, हे लॉर्ड यांनी पुढे तपशीलवार मांडले. हे वाचून "आपल्यालाही जमेल" असा धीर येतो, पण तो फसवा आहे. या गायकांची लवचिकता वर्षानुवर्षांच्या सरावातून आलेली होती. गाथेतला कोणता भाग ताणला जातो आणि कोणता हात लावताच तुटतो, हे त्यांना आधीच माहीत असे. बाईंना आपली गोष्ट येत होती, पण तिचे सांधे त्यांनी कधी तपासले नव्हते.

कापायला सर्वांत सोपा भाग खरे तर प्रस्तावनेचा होता. जपानमधील राकुगो या बैठ्या कथनप्रकारात मुख्य गोष्टीआधीच्या मोकळ्या बोलण्याला "माकुरा", म्हणजे उशी, म्हणतात. त्यातून कलाकार श्रोत्यांचा अंदाज घेतो आणि वेळेप्रमाणे ते वाढवतो किंवा आटोपते घेतो. बाईंच्या प्रस्तावनेचे कामही हेच आहे. तिथे तीन मिनिटे वाचली असती तर ती कोणाला कळलीही नसती. पण हशाच्या जागा सोडणे हे आपल्यापैकी कोणालाही जिवावर येते. मीही याला अपवाद नाही.

पुढील काम

पहिल्या बैठकीत आम्ही गोष्टीतले सतरा छोटे प्रसंग वेगवेगळ्या कार्डांवर लिहिले आणि प्रत्येकावर एक खूण केली : हा प्रसंग माहिती देतो, अनुभव देतो, की सजावट आहे. माहितीचा प्रसंग हलवता येतो किंवा एका वाक्यात बसवता येतो. सजावटीचा प्रसंग काढून टाकता येतो. अनुभवाच्या प्रसंगाला त्याचा किमान वेळ द्यावाच लागतो, आणि तो किमान वेळ किती, हे प्रत्यक्ष सांगून पाहिल्याशिवाय कळत नाही. खुणा करताना आमचे दोन ठिकाणी मतभेद झाले. पहिल्या रात्रीचे नदीचे वर्णन बाईंना अनुभव वाटत होते, मला सजावट. ते वगळून तीन जणांसमोर गोष्ट सांगितली, तेव्हा कोणालाही उणीव भासली नाही. आईचा मृत्यू मात्र मी सजावटीत टाकला होता आणि तिथे मी चुकलो. तो आखडला की बजावणीला धार राहत नाही आणि नावाड्याचे गप्प बसणे नुसता बुजरेपणा वाटू लागतो.

यातून 26 मिनिटांची आवृत्ती तयार झाली : प्रस्तावना 1, तिन्ही रात्री प्रत्येकी 7 आणि शेवट 4 मिनिटे. शेवट सहावरून तीनवर आणला होता, तो चारच्या खाली न्यायचा नाही, असे ठरले. सर्वांत जास्त मेहनत या आवृत्तीतल्या शांततांवर घ्यावी लागली. ओल्या पावलांनंतरची साडेतीन सेकंदे कायम ठेवायची, तर तिच्या आधीची दोन वाक्ये जायलाच हवी होती, आणि त्यांतले एक बाईंचे आवडते होते. ते गेले.

आयोजकांशी होणाऱ्या बोलण्यातही बदल झाला. बाई आता कार्यक्रम ठरवतानाच पूर्ण आणि लहान अशा दोन्ही आवृत्त्यांच्या वेळा लेखी कळवतात, आणि रंगमंचावर जाण्याच्या दहा मिनिटे आधी यांपैकी कोणती घ्यायची, हे त्या आयोजकांना स्वतः जाऊन विचारतात. एकदा सुरुवात झाल्यावर विंगेतून खुणा करू नयेत, अशी विनंतीही त्या करतात. ती दर वेळी पाळली जाते असे नाही. समोर, स्वतःलाच दिसेल अशा ठिकाणी त्या एक छोटे घड्याळ ठेवतात. आधी ते नव्हते, याचे मला आता आश्चर्य वाटते.

लहान आवृत्तीचा पहिला प्रयोग दीड महिन्यानंतर, शंभराच्या आत श्रोते असलेल्या एका सभागृहात झाला आणि तिथे दिवे मालवू नयेत, असे बाईंनी आधीच सांगितले होते. दुसऱ्या रात्री हात वर गेला आणि खाली आला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी सोडलेला श्वास मला मागे ऐकू आला. शेवटच्या वाक्यानंतर शांतता तीन सेकंदांची होती. पूर्ण प्रयोगाइतकी नाही, पण ती शांतताच होती.

एका मुद्द्यावर बाईंचे आणि माझे अजून जमलेले नाही. मुलाच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी गोष्टीबाहेर यायला नको होते, हात तसाच ठेवून पुढे जायला हवे होते आणि कंदिलाचे कोडे श्रोत्यांवर सोडायला हवे होते, असे त्यांचे मत आहे. मला ते पटत नाही. प्रश्न मोठ्याने विचारला गेला होता, तो सगळ्यांनी ऐकला होता, आणि त्याकडे दुर्लक्ष केले असते तर उरलेल्या तीन मिनिटांत सभागृह गोष्टीऐवजी त्या प्रश्नातच राहिले असते. शिवाय "नावाड्यालाही ते आठवायचं नव्हतं" हे वाक्य त्या चार सेकंदांत सुचणे, हे बारा वर्षांच्या कामाचे फळ होते. बाई ते वाक्य आता पूर्ण प्रयोगात तिसऱ्या रात्रीच्या सुरुवातीला वापरतात, म्हणजे वाद त्यांनी अर्धा सोडला आहे, असे मी धरून चालतो.

पंधरा मिनिटांची आवृत्ती आम्ही दोनदा करून पाहिली. दोन्ही वेळा दुसरी रात्र चार मिनिटांच्या आत आली आणि कंदील पुन्हा केवळ एक वस्तू होऊन बसला. वीस मिनिटांपेक्षा कमी वेळ मिळणार असेल तर ही गोष्ट सांगायची नाही, असे बाईंनी ठरवले आहे. तेवढ्या वेळासाठी त्यांच्याकडे बारा मिनिटांची एक वेगळी गोष्ट तयार आहे. तिच्यात एकच रात्र आहे.